मोकळे बालपण आणि सुरक्षित बालपण

मे महिन्याची सुटी लागली की महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या विहिरी एके काळी मुलांनी गजबजून जात. सकाळची मोट सुटली म्हणजे थारोळ्याच्या कडेला सदऱ्यांचे ढीग पडत, काठावरून सूर आणि मुटके मारले जात आणि पाण्याचा धबधबाट साऱ्या शिवारात ऐकू येई. आज साठी-सत्तरी ओलांडलेली पिढी आपल्या बालपणाविषयी बोलू लागली म्हणजे हे चित्र हमखास पुढे येते. चिंचेच्या शेंड्यापर्यंत चढणे, वडाखाली सूरपारंब्या खेळणे, नदी ओलांडून शेजारच्या गावच्या जत्रेला जाणे, गुरांमागे दिवसभर रानात हिंडून दिवेलागणीला घरी परतणे, अशा आठवणी एकामागून एक निघतात. आजच्या मुलांना यातले काहीच ठाऊक नाही, या खंतीने बहुधा त्यांचा शेवट होतो.

ही खंत खोटी नाही. आजचे मूल शाळेच्या गाडीतून शाळेत जाते, शिकवणीहून थेट घरी येते आणि उरलेला वेळ पुष्कळदा दूरचित्रवाणी किंवा मोबाईल यांच्या पडद्यासमोर घालविते. खेड्यातही विहिरीकडे जाऊ नकोस, झाडावर चढू नकोस, रस्त्यावर खेळू नकोस, हीच वाक्ये त्याच्या कानी अधिक पडतात. तथापि, जुने दिवस चांगले आणि नवे दिवस वाईट एवढाच निष्कर्ष काढून थांबल्यास शिक्षकांच्या, पालकांच्या किंवा ग्रामपंचायत सदस्यांच्या हाती काहीच लागत नाही. जुन्या काळी मुले कशाच्या आधारे मोकळी होती, त्या मोकळेपणाची किंमत कोणी मोजली आणि आज धोक्यांचे स्वरूप कसे पालटले आहे, हे तीन प्रश्न नीट तपासले तरच पुढचा मार्ग दिसू शकतो. विहिरीतील पोहण्याचे उदाहरण या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देण्यास पुरेसे आहे.

काठावरची शाळा

आठवणीत उरते ती सूर मारण्याची मजा. त्या सुरापूर्वीचे शिक्षण मात्र पुष्कळदा विसरले जाते. मूल सहा-सात वर्षांचे झाले की घरातील काका, मामा किंवा थोरला चुलतभाऊ त्याला विहिरीवर नेत असे. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधला जाई. पुढे त्याची जागा घट्ट झाकणाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याने आणि नंतर प्लॅस्टिकच्या कॅनने घेतली. कमरेला दोर असे व त्याचे दुसरे टोक काठावरच्या जाणत्या माणसाच्या हाती असे. पहिले काही दिवस मूल पायरीला धरून नुसते पाय मारी. मग मध्यापर्यंत जाऊन परत येई. धीर आला की भोपळा सुटे आणि शेवटी दोरही सुटे. यात आरडाओरडा असे, रडणे असे, प्रसंगी पाठीत धपाटाही असे. साने गुरुजींच्या सन १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला त्याची प्रेमळ आईच बाहेर काढून विहिरीवर धाडते. मुलाला पोहता येणे ही त्या काळी हौसेची बाब मानली जात नसे. नदीकाठच्या आणि विहिरींच्या मुलखात ते घराचे एक कर्तव्य समजले जाई.

या शिक्षणाला अलिखित नियमही होते. एकट्याने विहिरीत उतरायचे नाही. जेवून लगेच पोहायचे नाही. पहिल्या पावसानंतर गढूळ झालेल्या नदीत पाय टाकायचा नाही. डोहाच्या बाजूला फिरकायचे नाही. डोहाकाठी शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड असत आणि तेथे जाणाऱ्यास आसरा ओढून नेतात, असे वडीलधारे सांगत. ही समजूत शास्त्राच्या कसोटीस उतरणारी नव्हे. परंतु ज्या ठिकाणी पाणी खोल आणि भोवऱ्याचे असे, त्या ठिकाणापासून लहान मुलांना दूर ठेवण्याचे काम ती करीत असे. जेथे कुंपण नव्हते, तेथे गोष्टीचे कुंपण होते.

झाडांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. चिंचेची फांदी चिवट असते, शेवग्याची आणि जांभळाची फांदी ठिसूळ असून अवचित मोडते, हे ज्ञान मोठ्या मुलांकडून लहानांकडे जाई. सूरपारंब्यांच्या खेळात कोणती फांदी किती भार सोसेल, याचा अंदाज क्षणात घ्यावा लागे. तो अंदाज आधी खालच्या फांदीवर, मग वरच्या फांदीवर, असा पायरीपायरीने येत असे.

याशिवाय आणखी एक आधार होता. विहिरीवर मोट हाकणारा गडी असे, धुणे धुणाऱ्या बाया असत, बांधावर कोणी ना कोणी कामात असे. गावातील कोणतेही मूल चुकीच्या ठिकाणी दिसल्यास त्याला दटावण्याचा अधिकार गावातील कोणत्याही वडीलधाऱ्या व्यक्तीस होता आणि त्याबद्दल त्या मुलाचे आईवडील रागावत नसत. मुले एकटी हिंडत होती, असे आज वाटते. वस्तुतः ती अनेकांच्या नजरेखाली हिंडत होती.

आठवणींची दुसरी बाजू

या व्यवस्थेचे गुण सांगताना तिच्या उणिवा झाकणे योग्य होणार नाही. आठवणी सांगावयास जे उरले, ते त्या बालपणातून सुखरूप पार पडलेले लोक आहेत. ज्यांना पार पडता आले नाही, त्यांच्या आठवणी सांगणारे कोणी नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार सन १९७१ मध्ये देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वयाचे पहिले वर्षही पूर्ण करीत नसत. सन २०२० मध्ये हे प्रमाण २८ पर्यंत खाली आले. लसीकरण, स्वच्छ पाणी, प्रसूतीच्या सोयी आणि मातांचे शिक्षण यांमुळे हा फरक पडला. मुलांना अधिक जपण्याच्या ज्या वृत्तीची आज चेष्टा होते, तिचाही या यशात वाटा आहे.

ज्या पायविहिरींची आठवण गोड वाटते, त्यांचीच एक कडू बाजू म्हणजे नारूचा रोग. नारूचा रुग्ण पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, त्याच्या जखमेतून जंतूची पिले पाण्यात मिसळत आणि पाण्यातील सूक्ष्म जलपिसवांच्या मार्फत तेच पाणी पिणाऱ्या इतरांच्या शरीरात जात. वर्षभराने हात दीड हात लांबीचा जंत पायातून बाहेर पडू लागे आणि ऐन हंगामात माणूस अंथरुणास खिळे. नारूच्या देशातील सात प्रादुर्भावग्रस्त राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. सन १९८३-८४ पासून हाती घेण्यात आलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात अशा विहिरींचे रूपांतर करणे, हातपंप बसविणे, पाणी गाळून पिण्याचा प्रचार करणे ही कामे झाली. देशातील शेवटचा रुग्ण सन १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि सन २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. पायविहिरीत उतरणे बंद झाले, ते पुष्कळ ठिकाणी या कारणानेही बंद झाले. याची हळहळ वाटण्याचे कारण नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. हे मोकळेपण सर्वांच्या वाट्याला आलेच नाही. गावविहिरीच्या काठावर ज्या मुलांना उभेही राहू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी तेथे पोहण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. सार्वजनिक तळ्याचे पाणी घेण्याच्या साध्या हक्कासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मुलींची स्थितीही वेगळी होती. भाऊ विहिरीत सूर मारीत असताना बहीण बहुधा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाणी शेंदीत असे. ती रोज त्याच विहिरीच्या काठावर वाकत होती; मात्र तिला पोहण्यास शिकविण्याची प्रथा फारच थोड्या घरांत होती. गुरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्या मुलाचे स्वातंत्र्यही शाळेची पायरी न चढता आल्याच्या किमतीत मिळालेले असे. जंगलपट्टीतील अशा मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात कुरणशाळेचा प्रयोग केला, तो याच जाणिवेतून. मुले कुरणात येतात, तर शाळाच कुरणात न्यावी, हा त्यामागील विचार होता. मुलांचे मोकळेपण न मोडता त्याला शिक्षणाची जोड देता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

पाणी बदलले, रस्ताही बदलला

जुन्या व्यवस्थेचे हे गुणदोष लक्षात घेतल्यानंतर आजच्या परिस्थितीकडे वळावे लागेल. मोटेच्या जागी प्रथम तेलाचे इंजिन आणि मग विजेचा पंप आला. विहिरीवर दिवसभर असणारा माणूस नाहीसा झाला व पाण्यालगत विजेच्या तारा आल्या. साहजिकच मालक मुलांना विहिरीकडे फिरकू देईनासे झाले. सन १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचे प्रमाण वाढत गेले, भूजलाची पातळी अनेक भागांत खोल गेली आणि जुन्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडू लागल्या. ज्या वापरात राहिल्या नाहीत, त्यांचे कठडे ढासळले, पायऱ्या मोडल्या, काठांवर झुडपे माजली. पूर्वी गावाच्या नजरेत असलेली विहीर आज अनेक ठिकाणी कोणाच्याच नजरेत नाही.

त्याचबरोबर पाण्याची नवी ठिकाणे निर्माण झाली. सन २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने शेततळ्यांच्या प्रसारास मोठी गती मिळाली. शेततळ्याने कोरडवाहू शेतकऱ्याला आधार दिला, यात शंका नाही. परंतु पाणी मुरू नये म्हणून ज्या शेततळ्यास प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले असते, त्याच्या उतारावर ओला पाय ठरत नाही. जुन्या विहिरीला पायरी होती, कपार होती, लोंबणारा दोर होता. अस्तराच्या शेततळ्यात पोहता येणाऱ्या माणसालाही धरावयास काही सापडत नाही. वर चढण्याचा प्रयत्न करावा, तो पुन्हा घसरून पाण्यात यावे, असे घडते. त्यात पडलेल्यास वाचविण्यासाठी उतरणारा दुसराही तेथेच अडकतो. वाळू उपसल्याने नदीपात्रात पडलेले खड्डे आणि पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणी हे असेच नवे धोके होत. वरून पाणी शांत दिसते आणि एका पावलावर तळ नाहीसा होतो. या ठिकाणांविषयी सांगणारी कोणतीही जुनी गोष्ट गावात नाही, कारण ही ठिकाणेच नवीन आहेत.

रस्त्याविषयी वेगळे सांगावयास नको. सन १९५१ मध्ये साऱ्या देशात नोंदलेली मोटार वाहने सुमारे ३ लाख होती. सन २०११ मध्ये ती १४ कोटींहून अधिक झाली. विटीदांडू आणि लगोरी ज्या रस्त्यांवर रंगत, ते रस्ते मुलांचे राहिले नाहीत. सन १९६१ मध्ये महाराष्ट्रातील २८ टक्के लोक शहरांत राहत होते, सन २०११ मध्ये ४५ टक्के. कुटुंबेही लहान झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या सन २०१९-२१ मधील फेरीनुसार राज्यातील एकूण जननदर १.७ इतका आहे. एका किंवा दोन अपत्यांच्या घरात पोहण्यास शिकविणारा थोरला चुलतभाऊ नसतो, झाडाखाली उभा राहून फांदी दाखविणारी थोरली बहीण नसते आणि दुपारी घरी असणारी आजीही सर्वत्र नसते. अशा स्थितीत पालकांनी मुलाला घरात ठेवणे पसंत केले, तर तो त्यांच्या मनाचा दुबळेपणा मानता येणार नाही. ज्या आधारावर पूर्वी मूल बाहेर सोडले जाई, तो आधारच नाहीसा झाला आहे.

केवळ बंदीने काय साधते?

मात्र बंदीने मूल सुरक्षित होते, असेही आढळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार सन २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक व्यक्तींचा बुडून मृत्यू झाला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार सन २०२१ मध्ये जगभर सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली. ५ ते १४ वर्षे वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बुडणे हे तिसऱ्या क्रमांकाचे कारण आहे. वर्षभर पाण्यापासून दूर ठेवलेला मुलगा सहलीत, मामाच्या गावी किंवा मित्रांच्या आग्रहाने एक दिवस पाण्यापाशी पोहोचतोच. त्या दिवशी त्याच्याजवळ ना पोहण्याचे कौशल्य असते, ना पाणी ओळखण्याचे ज्ञान, ना नको म्हणणारा जाणता माणूस. बंदीने मोकळेपणाचा दिवस पुढे ढकलला जातो आणि त्या दिवसाची तयारी मात्र होत नाही.

हा अनुभव महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत असे दिसून आले, की सन १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय शाळेत जात होती; सन १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. रस्त्यावरील अपघातांत दगावणाऱ्या मुलांची संख्या त्या काळात घटली होती. परंतु रस्ते सुरक्षित झाल्याने ती घटली नसून मुलेच रस्त्यावरून नाहीशी झाल्याने घटली, असा या अभ्यासकांचा निष्कर्ष होता.

मुलांच्या वाढीसाठी थोडी जोखीम आवश्यकही असते. नॉर्वेतील संशोधक एलेन सँडसेटर यांनी सन २००७ मध्ये मुलांच्या साहसी खेळांचे सहा प्रकार मांडले: उंचीवर चढणे, वेगाने धावणे वा घसरणे, हत्यारे हाताळणे, पाणी किंवा आग यांच्याजवळ खेळणे, झोंबाझोंबी करणे आणि मोठ्यांच्या नजरेआड एकट्याने हिंडणे. ही यादी नॉर्वेची असली, तरी तिच्यातील प्रत्येक प्रकार मराठी खेड्यातील बालपणात होता, हे सहज ध्यानात येईल. आपली शक्ती किती, भीती कोठे खरी आणि कोठे खोटी, पडल्यावर सावरावे कसे, हे मूल अशा खेळांतूनच शिकते. घराबाहेर उजेडात खेळणाऱ्या मुलांत जवळचे दिसून दूरचे अंधुक दिसण्याचा दृष्टिदोष जडण्याचा संभव कमी असतो, हेही आता प्रस्थापित झाले आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी एक तास दमछाक होईल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

येथे जोखीम आणि धोका या दोन गोष्टींत भेद करणे अगत्याचे ठरते. जी गोष्ट मुलाला दिसते, तोलता येते आणि जिच्यासंबंधी ते स्वतः निर्णय घेऊ शकते, ती जोखीम होय. झाडाची वरची फांदी ही जोखीम आहे. जे मुलाला दिसतच नाही, तो धोका होय. गवताने झाकलेले विंधन विहिरीचे भोक, अस्तराचा निसरडा उतार, वाळूच्या खड्ड्यावरचे शांत पाणी हे धोके आहेत. जोखीम घेण्यास मुलाला शिकवावयाचे असते. धोका दूर करणे हे मोठ्यांचे काम असते. आज अनेक ठिकाणी नेमके उलटे घडते. फांदीवर चढण्यास मुलाला मनाई केली जाते आणि विंधन विहिरीचे तोंड उघडेच राहते.

गावाला काय करता येईल?

धोके दूर करण्याचे काम पंचायतीच्या आवाक्यातील आहे. उघड्या विंधन विहिरींबाबत सर्वोच्च न्यायालयाने सन २०१० मध्ये दिलेले निर्देश स्पष्ट आहेत. विंधन विहीर घेण्यापूर्वी जमीनमालकाने संबंधित अधिकाऱ्यांना १५ दिवस अगोदर लेखी कळवावे, खोदकामाच्या वेळी फलक व कुंपण असावे, नळीचे तोंड लोखंडी झाकणाने पक्के बंद करावे आणि निकामी विंधन विहीर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगड यांनी भरून घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. ग्रामीण भागात यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी सरपंच आणि कृषी विभागाचे अधिकारी यांच्यावर सोपविण्यात आली आहे. आपल्या गावच्या हद्दीत अशी किती भोके उघडी आहेत, याची मोजणी एका दिवसात होऊ शकते.

हीच मोजणी पडक्या विहिरी, शेततळी, खाणी आणि नदीतील खड्डे यांचीही करता येईल. कठड्याची दुरुस्ती, शेततळ्याभोवती कुंपण, चारही बाजूंना काठावर पक्के बांधून पाण्यापर्यंत सोडलेले गाठींचे दोर किंवा जुन्या टायरींची शिडी, पाण्यालगत एक लांब बांबू आणि हवा भरलेली ट्यूब, या साधनांचा खर्च फार नाही. शाश्वत विकासाच्या ध्येयांवर आधारित ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या नऊ संकल्पनांपैकी ‘बालस्नेही गाव’ ही एक संकल्पना आहे. तिच्या अंतर्गत या कामांचा विचार होऊ शकेल.

धोके दूर केल्यानंतरचे काम शिकविण्याचे आहे. या बाबतीत बांगलादेशाचे उदाहरण मोलाचे आहे. तेथे गावातल्याच तळ्यात बांबूचा मचाण बांधून, गावातल्याच प्रशिक्षित तरुणांकरवी चार वर्षांवरील मुलांना पोहणे शिकविण्यात आले. २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि बुडणाऱ्यास काठावरून मदत करणे, एवढाच अभ्यासक्रम होता. ज्यांनी तो पूर्ण केला, त्या मुलांत बुडण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले, असे सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्याहून लहान मुले बहुधा सकाळी, आई कामात गुंतलेली असताना बुडतात, असे दिसल्यावर त्या वेळेत त्यांना सांभाळणारी केंद्रे गावोगावी सुरू झाली आणि तेथेही मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक कमी झाले. भोपळा, दोर आणि काठावरचा जाणता माणूस ही आपल्याकडील जुनी रीत आणि हा नवा कार्यक्रम यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक इतकाच, की तेथे शिक्षण पद्धतशीर झाले आणि ते मुलींनाही मिळाले. आपल्या गावांतील अंगणवाडी सकाळच्या त्याच वेळेत भरते, ही जमेची बाजू आहे. अंगणवाडीत नियमित येणारे मूल त्या वेळेपुरते पाण्यापासून दूर राहते, हे पालकांना समजावून सांगण्यासारखे आहे.

शिक्षकांना यात मोठे कार्य करता येईल. मुलांनी स्वतः गावाचा नकाशा काढून त्यावर कोणते पाणी सुरक्षित व कोणते घातक, कोणते झाड चढण्याजोगे व कोणते ठिसूळ, हे दाखविणे हा परिसर अभ्यासाचा उत्तम पाठ होईल. गावातील वृद्धांना वर्गात बोलावून नदीच्या पुराची व डोहांची माहिती घ्यावी. कोणी बुडताना दिसल्यास स्वतः उडी न घेता आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवावे, काठावरून दोर, बांबू, धोतर किंवा साडी फेकावी, हे प्रत्येक मुलाला पाठ असले पाहिजे. बुडालेल्यास बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगर फिरविणे किंवा पोट दाबणे या जुन्या समजुती घातक आहेत. श्वास बंद असल्यास वेळ न दवडता तोंडावाटे कृत्रिम श्वास द्यावा, छातीदाब सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या क्रियेचे प्रात्यक्षिक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साह्याने शाळेत घडवून आणता येईल.

खेळाचे मैदान ही तर मुलांची हक्काची जागा होय. बालकांच्या खेळाचा व विश्रांतीचा हक्क संयुक्त राष्ट्रसंघाच्या सन १९८९ मधील बालहक्क करारात मान्य करण्यात आला असून भारत सन १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतही शाळेसाठी मैदान आवश्यक मानले आहे. हे मैदान सुटीच्या दिवशी आणि संध्याकाळीही मुलांसाठी उघडे राहावे, तेथे मुली तितक्याच संख्येने खेळाव्यात आणि एखाद्या भक्कम झाडावर चढण्यास मज्जाव नसावा, याची काळजी शाळा व्यवस्थापन समितीला घेता येईल. गुडघा फुटला म्हणून शिक्षकाला दोष न देण्याचा समंजसपणा पालकांनी दाखविला, तर शिक्षकही मुलांना मोकळीक देण्यास कचरणार नाहीत.

जुने दिवस परत येणार नाहीत आणि त्यांतील पुष्कळसे परत येऊही नये. नारूची पायविहीर, काठावरून हाकलले गेलेले मूल आणि कडेवर भावंड घेऊन पाणी शेंदणारी मुलगी यांसह तो काळ होता. परंतु मुलाला पाण्यात सोडण्यापूर्वी पोहण्यास शिकवावे आणि ते पाण्यात असेपर्यंत कोणीतरी काठावर उभे राहावे, ही त्या काळाची शिकवण आजही तितकीच खरी आहे. पूर्वी हे काम घरातील काका-मामा करीत. आज ते घराला एकट्याने पेलणारे राहिलेले नाही. पंचायत, शाळा आणि पालक यांनी ते वाटून घेतले, तर येत्या मे महिन्यात गावातील मुलगे आणि मुली पुन्हा पाण्यात दिसतील आणि संध्याकाळी सारी सुखरूप घरी परततील.